गाळी हेच्चु, पेट्रोल कडिमे

वाचकहो, या खेपेचं पत्र आपल्या सीमाभागातून नाही, दुसऱ्याच एका सीमाभागातून आलंय. मध्य प्रदेशातल्या सौंसरहून. पत्र लिहिणारी मात्र आपलीच लेक आहे. माहेर चिकोडीकडचं, आईची भाषा कन्नड, वडिलांची मराठी. लग्न होऊन सौंसरला गेली. तिथे घरात मराठी आणि कचेरीत हिंदी. "दोन भाषांत जगायची सवय माहेरीच लागली होती. इथं नुसती दुसरी भाषा बदलली," असं तिने लिहिलंय.

खरंच आहे ते. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची नवी मांडणी झाली. बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. त्याच दिवशी नागपूर आणि विदर्भ मुंबई राज्यात आले, पण त्यांना लागून असलेली सौंसर-पांढुर्ण्याची मराठी गावं मध्य प्रदेशातच राहिली. २०२३ साली छिंदवाडा जिल्ह्यातून हे दोन तालुके काढून पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला. संत्र्याचा, कापसाचा मुलूख. पांढुर्णा नागपूर-बैतूल रस्त्यावर, सौंसर नागपूर-छिंदवाडा रस्त्यावर. दोन्हीकडच्या लोकांना दवाखाना, बाजार, कॉलेज म्हटलं की नागपूरच जवळचं.

आता पत्रातला मुद्दा तिच्याच शब्दांत.

"काका, आमची गाडी पेट्रोलची, टर्बो इंजिनाची, २०१७ ची. सासूबाईंना दर पंधरा दिवसांनी नागपूरला दवाखान्यात न्यावं लागतं. यांची ड्यूटी असते, म्हणून गाडी मीच चालवते. दोन महिन्यांपूर्वी मीटरवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला. सपाटीवर गाडी ठीक चालते. छिंदवाड्याला जाताना सिल्लेवानीच्या घाटात मात्र चढावर दम टाकते आणि बारीक कट-कट आवाज येतो. एका गॅरेजमध्ये लीन मिक्श्चरचा कोड निघाला. त्यांनी ऑक्सिजन सेन्सर बदलला. आठ दिवसांत दिवा परत लागला. आता म्हणतात टर्बो गेला, साठ हजार लागतील. लीन म्हणजे काय, असं विचारलं तर 'मॅडम, ते तुम्हाला नाही कळायचं' म्हणाले. दिवाळीला गाडी घेऊन माहेरी यायचं ठरवलंय. येऊ का? आणि मला कळेल असं सांगाल का?"

सांगतो, अक्का. आणि कळेलही. तुमच्या आईला फोनवर सांगायचं झालं तर चार शब्द पुरतील. गाळी हेच्चु, पेट्रोल कडिमे. हवा जास्त, पेट्रोल कमी. लीन म्हणजे एवढंच.

प्रमाण चुकलं की स्वयंपाक बिघडतो

एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. कार्ब्युरेटरच्या काळात हे प्रमाण मेकॅनिक स्क्रू फिरवून, कानाने ऐकून बसवायचा. आता ते काम गाडीतला छोटा संगणक करतो. आत किती हवा आली हे तो मोजतो आणि तेवढ्या हिशोबाने इंजेक्टरमधून पेट्रोल सोडतो. धुराच्या नळीत बसवलेला ऑक्सिजन सेन्सर मागून चव घेऊन बघतो. जळून झाल्यावर प्राणवायू जास्त उरला असेल तर तो सांगतो, "पेट्रोल कमी पडलं." मग संगणक पेट्रोल थोडं वाढवतो.

या वाढवण्या-घटवण्याला फ्युएल ट्रिम म्हणतात. ट्रिम शून्याच्या आसपास, पाच टक्के इकडे-तिकडे असेल तर गाडी ठणठणीत. दहापर्यंत चालवून घेता येतं. वाढवता वाढवता आकडा वीस-पंचवीस टक्क्यांवर गेला की संगणक हात टेकतो आणि दिवा लावतो. नेमका आकडा कंपनीप्रमाणे बदलतो. बहुतेक गाड्यांत कोड येतो तो पी ०१७१. त्याचा अर्थ, "मी वाढवायचं तेवढं वाढवलं, तरी पुरत नाही."

म्हणजे कोडने सेन्सर बिघडला असं म्हटलेलं नाही. रात्री कुत्रं भुंकलं म्हणून आपण कुत्रं बदलत नाही, चोर कुठून आला ते बघतो. सेन्सरही कधी बिघडतो, पण तपासून खात्री केल्यावरच तो बदलायचा. तुमचा नवा सेन्सर आठ दिवसांत तेच सांगतोय. याचा अर्थ बहुधा जुनाही खरंच बोलत होता.

टर्बोत दुर्लक्ष का करू नये

साध्या इंजिनात मिश्रण थोडं लीन झालं तर गाडी झटके देते, पिकअप जातो. टर्बो इंजिनाचं तसं नाही. टर्बो हा धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो हवा दाबून इंजिनात कोंबतो, म्हणून तर छोटं इंजिन मोठ्या इंजिनासारखं ओढतं. पण हवा दाबली की तापते. त्यामुळे जोर लावताना आतली उष्णता आटोक्यात राहावी म्हणून पुष्कळशा टर्बो गाड्यांचा संगणक मुद्दाम थोडं जास्त पेट्रोल सोडतो. नेमकं त्याच वेळी पेट्रोल कमी पडलं तर आतलं मिश्रण अवेळी, झटक्यासरशी पेटतं. पत्र्याच्या डब्यात खडे वाजावेत तसा आवाज येतो. त्यालाच नॉकिंग म्हणतात. तुम्ही लिहिलेली कट-कट हीच असण्याचा संभव जास्त.

नव्या गाड्यांत हा आवाज ओळखणारा सेन्सर असतो. तो ठिणगीची वेळ मागे घेतो आणि इंजिनाचा जोर उतरतो. घाटात गाडी दम टाकते ती बरेचदा स्वतःला वाचवण्यासाठी. तिला न जुमानता पाय दाबून ठेवला तर पिस्टनच्या कडा तुटतात, कधी पिस्टनला भोकही पडतं. मग खर्च साठ हजारांवर थांबत नाही, आणि घाटात म्हातारं माणूस घेऊन अडकायची वेळ येते ती वेगळीच.

डिझेलवाल्यांनी मात्र हे वाचून घाबरू नये. डिझेल इंजिन जन्मभर जास्त हवेवरच चालतं. तिथे हा हिशोब लागू नाही.

एकच भोक, जागा तीन

हवेची वाट फिल्टरपासून इंजिनापर्यंत जाते. तिच्यात भोक कुठे पडलं यावर सगळं अवलंबून आहे. गाडीत हवेचा प्रवाह मोजणारा सेन्सर फिल्टरजवळ असेल तर हिशोब असा.

पहिला भाग फिल्टर ते टर्बो. इथे टर्बो कायम हवा ओढत असतो. या पाइपाला चीर गेली तर न मोजलेली हवा आत शिरते. मिश्रण लीन होतं, शिवाय धूळ थेट टर्बोच्या पंख्यावर जाते.

दुसरा भाग टर्बो ते थ्रॉटल. जोर लावला की इथे दाब असतो. इथे चीर असेल तर मोजलेली हवा बाहेर पळते. पेट्रोल मात्र पूर्ण हिशोबाने पडतं, म्हणून मिश्रण उलट गाढं होतं. सूं-सूं आवाज, पेट्रोलचा वास, ओढ कमी.

तिसरा भाग थ्रॉटलच्या पुढचा, मॅनिफोल्डचा. गाडी जागेवर सुरू असते तेव्हा इथे ओढ असते आणि टर्बो जोरात आला की दाब. म्हणून इथलं भोक जागेवर लीन करतं आणि चढावर गाढं. ब्रेकच्या बूस्टरची नळी, इंजिनातल्या वाफा परत ओढणाऱ्या पीसीव्ही व्हॉल्व्हचा फाटलेला पडदा, टाकीच्या वाफांचा पर्ज व्हॉल्व्ह उघडा राहणं, हे सगळे याच घरचे.

काही छोट्या टर्बो गाड्यांत प्रवाह मोजत नाहीत, मॅनिफोल्डमधला दाब मोजतात. तिथे भोकातून आलेली हवाही दाबात मोजली जाते, म्हणून मिश्रण फारसं लीन होत नाही. इंजिन जागेवर जास्त फिरतं किंवा वर-खाली होतं. आपल्या गाडीत कोणता सेन्सर आहे, हे गॅरेजवाल्याला पहिल्यांदा विचारा. उत्तर देताना तो अडखळला तर पुढचं काम त्याला देऊ नका.

आणि ही भोकं पडतात कशी? नागपूरकडचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांच्या पुढे जातो. त्यात रबर कडक होऊन तडकतं. दुसरं कारण गणपतीचं वाहन. शेताजवळ किंवा धान्याच्या कोठाराशेजारी गाडी उभी राहत असेल तर उंदीर नळ्या आणि वायरी कुरतडतात. निपाणी असो की पांढुर्णा, उंदराला राज्याची सीमा ठाऊक नाही.

कधी वाढतं, ते बघा

आता सगळ्यात कामाची गोष्ट. २०१३ नंतरच्या गाड्यांत स्टिअरिंगच्या खाली एक सॉकेट असतं. त्यात बसणारा साधा रीडर हजार-दोन हजारांत मिळतो आणि मोबाइलवर ट्रिमचे आकडे दिसतात. विकत घ्यायचा नसेल तर गॅरेजमध्ये हेच आकडे दाखवायला सांगा. इंजिन गरम झाल्यावर दोनदा वाचायचे. एकदा गाडी जागेवर सुरू असताना, एकदा २५०० फेऱ्यांवर धरून. तिसरं वाचन चढावर, पण ते शेजारी बसलेल्या माणसाने घ्यायचं. चालवणाऱ्याने मोबाइलकडे बघायचं नाही.

जागेवर आकडा मोठा आणि फेऱ्या वाढवल्यावर खाली आला, तर मॅनिफोल्डकडे हवेची गळती आहे. का? चार माणसांच्या आमटीत चुकून वाटीभर पाणी पडलं तर आमटी बेचव होते. तेच वाटीभर पाणी लग्नाच्या पातेल्यात पडलं तर कोणाला कळतही नाही. जागेवर इंजिन थोडी हवा घेतं, म्हणून भोकातली हवा जाणवते. फेऱ्या वाढल्या की तीच हवा नगण्य होते.

जागेवर ठीक आणि जोर लावल्यावर आकडा वाढत गेला, तर पेट्रोल पुरत नाही. फिल्टर तुंबलेला, पंप थकलेला किंवा इंजेक्टर कचरलेले. हवा मोजणारा सेन्सर मळला असेल तरीही हेच दिसतं, कारण तो जास्त हवेला कमी म्हणून सांगतो. तो साफ करायचा स्प्रे वेगळा मिळतो. कापडाने पुसायला गेलं तर आतली नाजूक तार तुटते.

दोन्हीकडे आकडा सारखाच मोठा असेल तर पेट्रोलचा दाब बघावा. धुराच्या नळीला सेन्सरच्या आधी चीर आहे का, तेही बघावं. त्या चिरेतून बाहेरची हवा सेन्सरपर्यंत जाते आणि तो फसतो.

ऊस, मका आणि तुमची टाकी

"नव्या पेट्रोलने झालं का?" असंही पत्राच्या शेवटी विचारलंय. हा प्रश्न आता घरोघरी आहे. वीस टक्के इथेनॉलचं ई-२० पेट्रोल ६ फेब्रुवारी २०२३ ला बेंगळुरूमध्ये सुरू झालं आणि २०२५ मध्ये देशाने वीस टक्क्यांचं लक्ष्य गाठलं. या इथेनॉलमध्ये आपल्याकडचा ऊस आहे आणि तुमच्या छिंदवाड्याकडे भरपूर पिकणारा मकाही. २०२३-२४ च्या हंगामात तर मक्याने उसाला मागे टाकलं.

इथेनॉलमध्ये प्राणवायू आधीच असतो, म्हणून त्याला हवा कमी लागते. एक किलोला साधारण ९ किलो. त्यामुळे निव्वळ पेट्रोलचं १४.७ चं प्रमाण दहा टक्के मिश्रणात सुमारे १४.१ आणि वीस टक्क्यांत सुमारे १३.५ होतं. म्हणजे दहा टक्क्यांसाठी बसवलेल्या गाडीला ई-२० वर साधारण चार टक्के जास्त इंधन सोडावं लागतं. संगणक ते सहज करतो. नुसत्या ई-२० ने पंचवीस टक्क्यांचा आकडा गाठला जात नाही.

पण एक गोष्ट ध्यानात घ्या. एखाद्या गाडीत नळीची बारीक गळती आहे आणि ट्रिम आधीच अठरा-वीसवर आहे, तर वरचे चार टक्के तिला उंबरठ्यापलीकडे ढकलतात. दिवा लागतो, लोक पेट्रोलला शिव्या देतात आणि गळती तशीच राहते. मायलेज कमी होतं, हे मात्र खरं. मूळ निव्वळ पेट्रोलसाठी घडवलेल्या आणि दहा टक्क्यांना जुळवलेल्या चारचाकीत ६ ते ७ टक्के घट येईल, असा अंदाज नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच दिला होता. दुसऱ्या बाजूने, इथेनॉल नॉकिंगला आवरतं. म्हणून कट-कट ऐकू आली तर दोष थेट इथेनॉलवर ढकलू नका. २०१७ च्या गाडीत रबराच्या नळ्या आणि सील एकदा बघून घ्यावेत, एवढंच.

अक्का, तुमच्या गाडीचं

तुमच्या पत्रातली खूण स्पष्ट आहे. सपाटीवर ठीक, चढावर लीन. म्हणून मी आधी पेट्रोलच्या वाटेकडे बघेन आणि मग फिल्टर ते टर्बोच्या पाइपाकडे. टर्बो गेल्याची लक्षणं निराळी असतात. निळा धूर, इंजिन ऑइल वारंवार कमी होणं, सायरनसारखा आवाज, पंख्याच्या दांड्याला खेळ, नळीत तेलाचं थारोळं. यातलं काहीच नसेल तर साठ हजार देण्याआधी "पाइप काढून पंखा दाखवा" म्हणायचं. कमजोर टर्बोचा कोडही बहुतेक वेळा दाब कमी असल्याचा येतो, लीनचा नाही.

गॅरेजमध्ये पुढच्या गोष्टी याच क्रमाने मागा.

१. कोड पुसू नका. दिवा लागला त्या क्षणी वेग, फेऱ्या आणि भार किती होता, हे संगणकात फ्रीज फ्रेम म्हणून जपलेलं असतं. आधी ते वाचा, कागदावर लिहून द्या.

२. ट्रिमचे आकडे जागेवर आणि २५०० फेऱ्यांवर दाखवा.

३. धुराच्या मशीनने हवेच्या वाटेची गळती तपासा. मशीन नसेल तर इंजिन थंड आणि बंद ठेवून, हलकी हवा सोडून साबणाचं पाणी लावा. तापलेल्या टर्बोवर पेट्रोल किंवा क्लीनर फवारून गळती शोधू देऊ नका. आग लागते.

४. पेट्रोलचा दाब गेजवर मोजा, जोर लावतानाही. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणारं इंजिन असेल तर पुढच्या नळीत शंभर बारच्या वर दाब असतो. ती नळी जाणत्यानेच उघडावी.

५. हे चार झाल्यावरच सुटा भाग बदला. जुना भाग परत मागा.

तोवर सासूबाईंचं नागपूर थांबवू नका. तो रस्ता बहुतांशी सपाट आहे. दिवा स्थिर असेल, आवाज नसेल, तर टाकी अर्धी तरी ठेवून हलक्या पायाने जाता येईल. दिवा लुकलुकायला लागला तर गाडी बाजूला घेऊन बंद करा, कारण सिलिंडरमध्ये मिश्रण जळतच नाही असा त्याचा अर्थ. सिल्लेवानीचा घाट मात्र दुरुस्तीपर्यंत नको. जावंच लागलं तर बसने जा.

आणि दिवाळीचं म्हणाल तर, हजारेक किलोमीटरचा रस्ता आहे. दुरुस्ती झाल्यावर आठवडाभर जवळपास चालवा, एकदा घाट चढून बघा, ट्रिम पुन्हा वाचा. आकडा दहाच्या आत राहिला तर खुशाल निघा. नाही राहिला तर रेल्वेने या. माहेर गाडीसाठी थोडंच खोळंबलंय? आणि गाडीने निघालात तर वाटेत आपल्याकडे म्हणतात तसं, सावकाश होग्री.

बाकीच्या वाचकांना एवढंच सांगणं. "तुम्हाला नाही कळायचं" असं कोणी म्हटलं की आकडा मागा. आकडा ज्याच्याकडे नाही, त्याच्याकडे निदानही नाही. तुमच्या गाडीचं दुखणं लिहून पाठवताना तीन गोष्टी जरूर लिहा. गाडी कोणत्या सालची, त्रास जागेवर होतो की चढावर, आणि आजवर काय काय बदललं.